चहाला थांबलं की बरी होणारी एस्टीम

सांगलीहून एकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. २००३ ची मारुतीची पेट्रोल एस्टीम, गॅसचं किट नाही, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. सांगलीहून पुण्याला निघालं की तासाभराने, कऱ्हाडच्या आसपास, ८०-८५ च्या वेगाला पाय एकाच जागी असतानाही गाडी पुढे-मागे करायला लागते, कुणी मागून ढकलावं आणि परत ओढावं तशी. कऱ्हाडला चहाला थांबलं की साताऱ्यापर्यंत मुकाट चालते. परत येताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरलाही ओढत नाही. मध्येच पंधरा पंधरा दिवस काही होत नाही. पंप बदलल्यावर महिनाभर छान होती, मग पुन्हा तेच. शेवटी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारं दार, साफ करून घेतली, तेव्हापासून सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा ८०० ते १५०० असा नाचतो. प्लग, एअर फिल्टर, पंप, ऑक्सिजन सेन्सर मिळून १४ हजार गेले. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता काय बदलू?

सध्या काहीच बदलू नका. कोल्हापुरात उद्यमनगरात मी ३१ वर्षं हेच काम करतोय, आणि तुमचा प्रश्न दोनदा वाचल्यावर मला वाटतं की तुमच्या गाडीला एक नाही, दोन आजार आहेत. पहिला वयाचा. दुसरा गॅरेजमध्ये लागलेला. दोन्ही लक्षणं एकाच खात्यात धरून पार्ट बदलत गेलात म्हणून हिशेब लागत नाही.

आधी सिग्नलचं घेतो, कारण ते सोपं आहे आणि समोर उभ्या गाडीवर दिसतं. ह्याला आम्ही हंटिंग म्हणतो. काटा चढतो, पडतो, चढतो, पडतो, जवळजवळ एका तालात. इंजिन आजारी असतं तर एवढा ताल धरलाच नसता. ताल आला की समजायचं, कुणीतरी हिशेबाने पेट्रोल बंद-चालू करतंय, आणि तो कुणीतरी म्हणजे कंप्यूटर. होतं असं: थ्रॉटलची पट्टी बंद आहे, म्हणजे तुमचा पाय वर आहे, पण कुठून तरी जादा हवा आत जातेय. ह्या इंजिनात आत येणारी हवा थेट मोजत नाहीत. मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला दाब मॅप सेन्सर मोजतो आणि त्यावरून कंप्यूटर पेट्रोल ठरवतो. चोरून आलेल्या हवेलाही तो इमानदारीने पेट्रोल देतो, त्यामुळे आरपीएम चढत जातो. पंधराशेच्या पुढे गेला की त्याला दिसतं की पाय तर वर आहे आणि इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे गाडी घाट उतरत असणार. मग तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो. फारच खाली आला की पुन्हा देतो. पुन्हा चढतो. सिग्नलला उभ्या गाडीला कंप्यूटर घाट उतरवत बसलेला असतो.

ह्याची परीक्षा फुकट आहे. हंटिंग चालू असताना ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवा, नखभर. नाच तिथल्या तिथे थांबून काटा सोळाशे-अठराशेवर शांत बसला, तर मी वर सांगितलं तेच आहे, कारण टीपीएसने, म्हणजे थ्रॉटलची पट्टी किती उघडी ते सांगणाऱ्या सेन्सरने, ‘पाय खाली आहे’ असं सांगितल्याबरोबर पेट्रोल तोडणं बंद होतं. म्हणजे शोधायची ती जादा हवा, बाकी काही नाही.

आता थ्रॉटल साफ करताना हवेला वाट कुठे मिळाली असेल? बॉनेट उघडा आणि थ्रॉटलची पट्टी जिथे टेकते तो बारीक स्टॉप स्क्रू बघा. कंपनीतून येताना त्यावर रंगाचा ठिपका किंवा सील असतं. ठिपका मोडलेला असेल, स्क्रूच्या आट्यावर चकचकीत ओरखडा असेल, तर कुणीतरी आयडलिंग, म्हणजे पाय वर असतानाचं इंजिनाचं मंद फिरणं, ‘सेट’ केलंय. हा स्क्रू आयडलिंगचा नाहीच. कार्ब्युरेटरच्या सवयीने हात तिकडे जातो, माझाही सुरुवातीला जायचा. काजळी काढल्यावर पट्टीच्या कडेने हवा आधीपेक्षा थोडी जास्त जाते, त्यात हा स्क्रू अर्धा आटा आत गेला की झालं. दुसरी जागा थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग: जुनंच परत बसवलं असेल, तर ते एका कडेने श्वास घेतं. तिसरी, टीपीएसचे दोन स्क्रू. त्यांची भोकं लांबट असतात, सेन्सर थोडा फिरवून बसवता यावा म्हणून. साफसफाईत तो सैल केला आणि डोळ्यांनी अंदाजे बसवला, तर पाय वर असल्याचा निरोपच चुकीचा जातो.

एक चौथी जागा आहे जी सगळे विसरतात, रेडिएटरचं पाणी. ह्या पिढीच्या बऱ्याच एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत इंजिन थंड असताना जादा हवा देणारी मेणाची झडप थ्रॉटल बॉडीतच असते आणि तिला गरम करायला कूलंट त्यातून फिरवलेलं असतं. थ्रॉटल बॉडी काढताना ते बारके पाण्याचे पाइप सुटतात, थोडं कूलंट सांडतं, आत हवेचा फुगा राहतो. झडपेला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, ती उघडी राहते. बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडून आत बघा, पाणी काठाला लागलं पाहिजे. गरम इंजिनाचं टोपण उघडायचं नाही, तोंड भाजलेली माणसं मी पाहिलीत.

हवेची गळती शोधायला काही जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. काम होतं, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोलसारखंच पेटतं. मी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावतो आणि दुसरं एकेका जोडावरून फिरवतो. गळतीवर आलं की सीऽऽऽ असा आवाज कानात शिरतो, चुकायची शक्यता नाही. मग ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप कापड गुंडाळून पकडीने हलका दाबून बघायचा. आयडलिंग सुधारलं तर गळती बूस्टरकडे. पीसीव्ही वाल्व, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढू देणारी झडप, काढून हलवायचा, टिकटिक वाजला पाहिजे. मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच. समुद्रसपाटीला तंदुरुस्त इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून इथे १६-१७ दिसलं तरी मी घाबरत नाही. काटा स्थिर आहे का, ते बघतो.

आता मूळ दुखणं. महामार्गावरचं.

हवेची गळती मी इथे जवळजवळ बादच करतो. आयडलिंगला इंजिन हवेचा एक घोट घेतं, तेव्हा चोरीचा एक थेंबही जाणवतो. ८५ च्या वेगाला ते तांब्यातांब्याने हवा ओढतं, तिथे त्या थेंबाला कोण विचारतो? गळतीची गाडी सिग्नलला वाईट आणि रस्त्यावर बरी असते. तुमची मुळात उलटी होती, रस्त्यावर वाईट आणि सिग्नलला बरी. चढावर जास्त वाईट, म्हणजे जितकं पेट्रोल जास्त मागाल तितकी अडचण. तासाभराने सुरू, विश्रांतीने गायब. आणि पंप बदलल्यावर एक महिना सुख.

ह्या चार गोष्टी एका ओळीत ठेवल्या की माझं बोट टाकीत जातं. पंपाच्या तळाला एक जाळी असते. टाकीत वीस वर्षांचा गाळ असतो, बारीक गंज, चिकट पिवळी साय, कुठे पेट्रोलपंपावरची माती. गाडी चालत असताना पंप सतत ओढतो, गाळ हळूहळू जाळीला येऊन चिकटतो. तासाभराने जाळी इतकी बुजते की पंपाला पुरेसं पेट्रोल मिळत नाही, दाब पडतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, गाडी मागे ओढल्यासारखी वाटते. इंजिन थोडं मंदावलं की मागणी घटते, दाब सावरतो, गाडी पुढे जाते. ती ढकलाढकली हीच. तुम्ही कऱ्हाडला चहा घेता, पंप बंद, ओढ संपली. दहा मिनिटांत गाळ जाळीवरून सुटून तळाला बसतो. गाडी बरी.

मग नव्या पंपाने महिनाभर बरं का वाटलं? माझा अंदाज: पंप नवा आला, जाळी जुनीच झटकून लावली. आपल्याकडे सुटा पंप मिळतो, जाळी वेगळी मागावी लागते, आणि मागितली नाही तर कुणी देत नाही. गॅरेजवाल्याला फोन करून एवढंच विचारा, जाळी बदलली होती का आणि टाकी उतरवून धुतली होती का. ‘फुंकर मारून साफ केली’ असं उत्तर आलं तर बाहेरचा पेट्रोल फिल्टर काढा, हॅक्सॉने मधून कापा आणि आतला कागद पांढऱ्या फडक्यावर उलगडा. चांगल्या टाकीतला जुना फिल्टर मळकट करडा निघतो. चहापत्तीसारखी तपकिरी पूड सांडली, तर टाकीचं बोलणं तुम्ही ऐकलंत. जाळीतून निसटलेलं एवढं असेल, तर जाळीवर किती असेल ते बघा. मात्र हा फिल्टर लाइनमधला दाब उतरवून, गार इंजिनावर, उघड्यावर काढायचा, आणि पेट्रोल पूर्ण निथळून वाळल्यावरच करवत लावायची.

इथे इथेनॉलचा विषय निघतोच, आमच्या भागात तर जास्तच, कारण ते आमच्याच उसाचं असतं. २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल जुन्या टाकीतली चिकटलेली साय सोडवतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि वीस वर्षांपूर्वीचं रबर फुगवतं. शिवाय त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, ह्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच फवाऱ्यात मिश्रण जरा पातळच पडतं. ऑक्सिजन सेन्सरची गाडी ते बऱ्यापैकी भरून काढते, पण पंपाचा दाब आधीच काठावर असेल तर भरून काढायला उरतंच काय? म्हणून इथेनॉलमुळे गाडी बिघडली असं मी सरसकट म्हणत नाही. आधीच तोळामासा असलेली गाडी त्याने उघडी पडते, एवढंच.

अंदाजावर टाकी उतरवायची नाही, पुरावा घ्यायचा. दोन पुरावे तुम्ही स्वतः घेऊ शकता. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की बाजूला थांबा, इंजिन चालूच ठेवा आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा जोरात आत गेली आणि गाडी त्या क्षणापासून सुधारली, तर जाळी निर्दोष. टाकीचा श्वास कोंडलाय, झाकणाचा किंवा वाफेच्या पाइपचा वाल्व बुजलाय. हे कमी दिसतं, पण तीनशे-चारशेत सुटतं, म्हणून आधी बघायचं. दुसरा पुरावा टाकीच्या पातळीचा. एकदा टाकी भरून जा, एकदा पाव ठेवून जा. पाव टाकीला त्रास लवकर आला तर गाळाची बाजू भक्कम होते.

खरा पुरावा प्रेशर गेजचा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला गेज लावून ‘प्रेशर ओके’ म्हणणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं. तुमच्या गाडीला तो लावलाही असेल आणि बरोबरही दाखवला असेल. मी इंजेक्शनचा दाब सोसणाऱ्या लांब होजने गेज बॉनेटबाहेर काढून काचेवर वायपरखाली बांधतो आणि गाडी घेऊन निघतो. गेज केबिनच्या आत आणायचा नाही, फुटला तर पेट्रोल मांडीवर. ह्या इंजिनात आयडलिंगला दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ ते २.६ किलो आणि पेट्रोलचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की २.७ ते ३.१ च्या दरम्यान काटा हवा. रस्त्यावर पाय दाबला की तो चढला पाहिजे. गाडी ढकलाढकली करतेय त्याच क्षणी काटा दीड-पावणेदोनकडे घसरताना दिसला, तर वाद संपला. मग पंपाच्या सॉकेटला चालू गाडीत व्होल्ट मोजायचे. बॅटरीवर १३.८ आणि पंपाशी ११ असेल तर जाळीआधी वायर आणि अर्थिंग बघायचं, जळकी पिन निघते.

आणि गेज जागचा हलला नाही, पण गाडी तरी झटकतेय, तर? मग मी चुकलो आणि दुखणं विजेचं आहे. ते ओळखायची खूण वेगळी. पेट्रोल कमी पडलं की गाडी हळू ओढते, पाण्यात चालल्यासारखी. विजेचं दुखणं बटन दाबल्यासारखं येतं आणि जातं, आणि बरेचदा पायाच्या एका ठरावीक जागीच येतं. टीपीएसच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर एक बोट घासत फिरतं. महामार्गावर वर्षानुवर्षं पाय त्याच एका जागी ठेवला की पट्टा तिथेच झिजतो. किल्ली चालू, इंजिन बंद, सेन्सरच्या मधल्या तारेला मीटर, आणि पॅडल हाताने अगदी सावकाश दाबायचं. अर्ध्या-एक व्होल्टवरून निघालेला काटा चारच्या आसपास सलग चढला पाहिजे, मध्ये उडी नाही, डुलकी नाही. इथे आकड्यांचा डिजिटल मीटर नको, तो डुलकी गिळतो. काट्याचा जुना मीटर लावा. दुखणं गरम झाल्यावरच येत असेल तर सेन्सरवर हेअर ड्रायर धरून पुन्हा करा.

दिवा लागत नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. तुमच्या गाडीच्या काळातला कंप्यूटर तार तुटली, शॉर्ट झाली तर ओरडतो. सेन्सर खोटं पण पटेल असं बोलला, तर तो विश्वास ठेवतो.

माझी एक फजिती सांगतो. गगनबावड्यावरून कोकणात जाणाऱ्या एका व्यापाऱ्याची गाडी होती, करूळ घाटात झटकायची, इथे आली की शहाणी. तीन दिवस घेतले, कुठे काही सापडेना, शेवटी दुसऱ्या गाडीचा कंप्यूटर लावून दिला. आठवड्याने तो परत आला, तसाच. मी आत बसून रेस करत होतो आणि आमचा पोऱ्या बॉनेटपाशी उभा होता. तो म्हणाला, “मालक, इंजिन किती उडतंय बघा की.” इंजिन धरून ठेवणारं खालचं माउंटिंग तुटलं होतं. घाटात गिअर पाडला की इंजिन चार बोटं कलायचं आणि थ्रॉटलकडे जाणारा वायरिंगचा झुबका ताणला जायचा. मी एकेक तार दोन बोटांत धरून ओढली. एक तार रबरासारखी लांब झाली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं हिरवं पडून तुटलेलं. चार इंच तार आणि एक माउंटिंग. कंप्यूटरचे पैसे मी परत केले. तेव्हापासून कुठल्याही येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याला मी आधी माउंटिंग बघतो, मग इंजिन चालू ठेवून झुबका हलवतो, मग बॅटरीच्या उण्या टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत व्होल्ट मोजतो. हेडलाइट, पंखा चालू असताना तिथे ०.२ च्या वर दिसलं तर अर्थिंग उघडून घासायची.

दोन गोष्टी पटकन. रस्त्यावर गाडी ‘वाढते’ तेव्हा आरपीएम वाढतो आणि वेग तोच राहतो का, हे एकदा बघा. तसं असेल तर इंजिन निर्दोष आहे, क्लच घसरतोय. आणि एसी चालू असताना ठरावीक वेळाने येणारा हलका धक्का कॉम्प्रेसर जोडला-सुटल्याचा असतो. एसी बंद करून तेच अंतर पुन्हा जाऊन बघा.

तर तुमच्यापुरता क्रम असा लावा. उद्या सकाळी रेडिएटरचं पाणी आणि स्टॉप स्क्रूचा ठिपका. ह्या आठवड्यात झाकणाची परीक्षा आणि जाळीबद्दल गॅरेजला फोन. फिल्टर कापून तपकिरी निघाला तर टाकी उतरवून धुणं, नवी जाळी, नवा फिल्टर आणि टाकीपासूनचे रबरी तुकडे इथेनॉल सोसणारे, सगळं एकाच वेळी. अर्धं केलंत तर महिन्याने पुन्हा कऱ्हाडला चहा आहेच. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर फेकला नसेल तर ठेवा, तो बहुधा चांगला होता.

आणि इकडे आणायचीच ठरवलीत तर इंजिन धुऊन आणू नका. दरवेळी लोक पाहुण्याकडे जावं तशी बॉनेटखाली चकाचक करून आणतात आणि गळतीचे तेलकट डाग, मोडलेले ठिपके, सैल क्लिपांवरची धूळ सगळं वाहून गेलेलं असतं. टाकी पाव ठेवा, आणि सांगलीहून न थांबता या.